दिवे घाटातला टेम्पो: माल, मालक आणि मागे बसलेली माणसं

या प्रकरणातली माणसं आणि टेम्पो अभ्यासासाठी रचले आहेत. कलमं, निवाडे आणि वर्षं खरी आहेत. पुरंदरमधून रात्री पुण्याच्या गुलटेकडी बाजाराकडे निघणारी मालाची वाहनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातलं काहीच नवखं वाटणार नाही. मोटार अपघाताचे दावे चालवायला नुकती सुरुवात केलेल्या वकिलांसाठी हे मुख्यतः लिहिलं आहे. पण मार्केट यार्डात माल पाठवणाऱ्या प्रत्येक घरानंही हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

काय घडलं

फेब्रुवारी महिना, अंजिराचा हंगाम भरात आलेला. पुरंदर तालुक्यातल्या एका गावातून रात्री अडीचच्या सुमारास एक छोटा पिकअप टेम्पो निघाला. मागे पाच शेतकऱ्यांचे क्रेट. अंजीर थांबत नाही. आज तोडलेलं फळ उद्या पहाटे गाळ्यावर पोचलं नाही तर त्याला कुणी विचारत नाही. म्हणून चार-पाच घरं मिळून एक टेम्पो करतात, क्रेटमागे भाडं ठरतं आणि त्यांच्यातले एक-दोघं मालासोबत जातात. क्रेटच्या कडेला रंगानं आपापली अक्षरं काढलेली असतात. माल उतरताना कुणीतरी समोर उभं राहावं लागतं, नाहीतर दबलेला क्रेट नेमका आपल्याच नावावर येतो.

केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एकच सीट. तिथे त्रेचाळीस वर्षांचा एक शेतकरी बसला. क्रेटमधला सर्वात मोठा वाटा त्याचा होता. मागे क्रेटवर घोंगडी टाकून दुसऱ्या शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा बसला, कारण वडिलांना ताप होता. सासवडला तिसरा माणूस चढला. हडपसरच्या एका कारखान्यात त्याची पहिली पाळी होती आणि एवढ्या रात्री एसटी नव्हती. ड्रायव्हर ओळखीचा होता, म्हणून त्यानं त्याला मागे बसवून घेतलं. भाडं घेतलं नाही.

दिवे घाट उतरताना एका वळणावर टेम्पो कठड्याला धडकून उलटला. दुसरं कुठलंही वाहन मध्ये नव्हतं. केबिनमधला शेतकरी जागीच गेला. मुलाची मांडी मोडली. तिसऱ्या माणसाचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तीन दावे दाखल झाले, तिन्ही सहा महिन्यांच्या आत. ही मुदत महत्त्वाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातली मुदतीची अट १९९४ मध्ये काढली गेली होती; २०१९ च्या दुरुस्तीनं ती सहा महिन्यांची करून परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. गावाकडे अजूनही ‘क्लेमला मुदत नसते’ असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका.

विमा कंपनीनं तिन्ही दाव्यांत एकच लेखी कैफियत दिली. जखमी आणि मयत हे मालवाहू वाहनातले अनधिकृत प्रवासी, सबब पॉलिसीखाली जबाबदारी येत नाही. ड्रायव्हरकडे फक्त हलक्या वाहनाचं लायसन्स होतं, म्हणून तोही आक्षेप जोडला. हा दुसरा आक्षेप टिकणारा नाही. साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहतूक वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, हे मुकुंद देवांगण प्रकरणात २०१७ मध्ये ठरलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ते कायम केलं. खरी लढत आहे ती ‘अनधिकृत प्रवासी’ या दोन शब्दांवर. तिघांनाही एकाच वाक्यात गुंडाळणं कंपनीच्या सोयीचं आहे. कायद्यानं मात्र तिघांना तीन वेगवेगळ्या जागी बसवलं आहे, आणि त्या जागा कशा तयार झाल्या हे कळल्याशिवाय हा खटला नीट उभा राहत नाही.

मालाला आधी जागा मिळाली

मोटार येण्याच्या कितीतरी आधी माणसं गाड्यांतून पडून मरत होती. १८०८ मधला इंग्लंडमधला बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला घ्या. प्रवासी घोडागाडी उलटली, टपावर बसलेलं जोडपं खाली पडलं, आणि साधारण महिन्याभरानं बायको इस्पितळात वारली. न्यायालयानं नवऱ्याला त्या महिन्यापुरतीच भरपाई धरली. माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानीच नव्हे, असा तेव्हाचा नियम होता. माणूस जायबंदी झाला तर गाडीवाल्याला पैसे द्यावे लागत आणि मेला तर तो सुटे. १८४६ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये हे बदललं. आपल्याकडे त्याच धर्तीवर १८५५ चा जीवघातक अपघात कायदा आला. त्यात दावा करता येत होता तो पती, पत्नी, आईवडील आणि मुलं यांच्यासाठीच. भावाला जागा नव्हती. ती मिळायला १९८७ साल उजाडलं; गुजरात एसटी महामंडळ विरुद्ध रमणभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं भावाचाही कायदेशीर प्रतिनिधी म्हणून हक्क मान्य केला.

मालासोबत बसलेल्या माणसाची कथा त्याहून कडू आहे. १८३७ मध्ये प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. एका खाटकाच्या गाडीत वाजवीपेक्षा जास्त माल भरला होता. त्यासोबत जाणारा नोकर गाडी मोडून पडल्यानं जखमी झाला, त्याची मांडी मोडली. ज्यूरीनं शंभर पौंड दिले, वरच्या न्यायालयानं ते काढून घेतले. नोकरानं धोका पत्करूनच गाडीत पाय ठेवला, असं धरलं गेलं. पुढे कित्येक दशकं मालकांना याच निकालाची ढाल मिळाली.

आता त्याच काळात मालाचं काय होत होतं ते पाहा. आपल्याकडे १८६५ मध्ये वाहतूकदारांचा कायदा झाला. सार्वजनिक वाहतूकदाराकडे सोपवलेला माल हरवला किंवा खराब झाला तर त्याची हयगय सिद्ध करण्याचा भार माल पाठवणाऱ्यावर नाही, असं त्याच्या नवव्या कलमात स्वच्छ लिहिलं होतं. त्याच गाडीत माणूस दगावला तर मात्र वारसांना हयगय सिद्ध करावीच लागे. मोटार अपघातात हयगय सिद्ध न करता निदान काही ठरावीक रक्कम मिळावी, ही सोय आली १९८२ मध्ये, १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम ९२-अ मधून: मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये. अंजिराच्या क्रेटला जे १८६५ मध्ये मिळालं, त्याचा एक तुकडा क्रेटशेजारी बसलेल्या माणसाला ११७ वर्षांनी मिळाला. हे अंतर मला अजूनही अस्वस्थ करतं, कारण दिवे घाटातल्या या खटल्यात त्याची सावली ठळक दिसते.

मोटार आली, विमा मागून आला

मोटारींसाठी सुरुवातीला प्रांतांनी आपापले नियम केले. १९१४ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदा आला. त्यात नोंदणी होती, लायसन्स होतं, बेदरकार चालवण्याला शिक्षा होती. विमा नव्हता. चालवणारा कफल्लक असेल तर हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाचा आदेश, नुसता हातात घेऊन घरी जायचं.

१९३९ च्या कायद्याचं आठवं प्रकरण हे त्यावरचं उत्तर होतं. इंग्लंडच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यावरून ते बेतलेलं होतं: त्रयस्थासाठी (थर्ड पार्टी) विमा सक्तीचा, आणि न्यायालयानं मालकाविरुद्ध दिलेला हुकूमनामा विमा कंपनीनं भागवायचा. कायदा १९३९ चा, पण हे प्रकरण लागू झालं १ जुलै १९४६ ला. शिवाय विम्याला कमाल मर्यादा होती. मालवाहू वाहनासाठी ती सुरुवातीला एकूण वीस हजार रुपये होती आणि वाढत वाढत १९८२ मध्ये दीड लाखावर गेली. १९८८ च्या कायद्यानं मृत्यू आणि इजेच्या बाबतीत ती मर्यादा काढून टाकली.

इंग्लंडच्या कायद्याबरोबर त्यातलं एक वगळणंही इकडे आलं. भाडं देऊन बसलेले किंवा नोकरीच्या करारामुळे नेले जाणारे सोडून इतर प्रवाशांचा विमा सक्तीचा नव्हता. इंग्लंडनं स्वतः १९७१ मध्ये प्रवाशांचा विमा सक्तीचा करून ही फट बुजवली. आपण मालवाहू वाहनापुरती ती आजही पूर्ण बुजवलेली नाही.

दाद कुठे मागायची हाही प्रश्न होताच. १९५६ च्या दुरुस्तीपर्यंत दिवाणी दावा लावावा लागे, मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरून. घरातला कमावता गेला आहे आणि भरपाई मागायलाच आधी पैसे मोजा, अशी अवस्था. त्या दुरुस्तीनं दावा न्यायाधिकरणं आली.

या खटल्याला सर्वात जवळचा जुना निवाडा म्हणजे पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग, १९७७. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी कंपनीची मोटार झाडावर आदळली आणि व्यवस्थापकासोबत निघालेले पुरुषोत्तम उदेशी वारले. सर्वोच्च न्यायालयानं त्यात तीन गोष्टी ठरवल्या, आणि तिन्ही आपल्या घाटातल्या वळणावर येऊन उभ्या राहतात. पहिली, दुसरं वाहन नसताना मोटार रस्ता सोडून झाडावर गेली तर ती घटनाच हयगयीबद्दल बोलते. खुलासा देण्याचं काम चालवणाऱ्याकडचं. टेम्पो कठड्यावर का गेला हे तिघांना सांगावं लागणार नाही. दुसरी, नोकरानं कामावर असताना कुणाला सोबत घेतलं तर मालकाची जबाबदारी सुटत नाही. त्याआधी इंग्लंडमध्ये १९४६ मध्ये ट्वाइन खटल्यात नेमकं उलटं ठरलं होतं: मालाच्या व्हॅनमध्ये मनाई असताना ड्रायव्हरनं माणूस बसवला, तो मेला, आणि मालक मोकळा सुटला. तिसरी गोष्ट कडू आहे. अशा प्रवाशाचा विमा कायद्यानं सक्तीचा नाही, हेही न्यायालयानं मान्य केलं.

१९९४ ची दुरुस्ती आणि तीन माणसं

१९९८ मध्ये मल्लव्वा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १९३९ च्या कायद्याखाली मालासोबत ट्रकमधून जाणाऱ्यांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. तोवर संसदेनं नव्या कायद्यात फट थोडी बुजवली होती. नोव्हेंबर १९९४ पासून सक्तीचा विमा कुणासाठी हे सांगणाऱ्या कलम १४७ मध्ये ‘मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी’ यांचा समावेश झाला आणि २०१९ नंतरच्या कलमातही तो कायम आहे. यात एक गोष्ट लक्षात घ्या. माणूस विम्याच्या छत्राखाली आला तो त्याच्या मालामुळे. हातात क्रेट असेल तर आत, नसेल तर बाहेर.

पहिला दावा, केबिनमधल्या शेतकऱ्याचा. तो मालाचा मालक होता आणि केबिनमधल्या अधिकृत सीटवर होता. विमा कंपनी इथे फक्त पुराव्यावर भांडू शकते, आणि तशी ती भांडलीही. फिर्यादीत हवालदारानं लिहून घेतलं होतं, ‘टेम्पोमधून पुणेकडे प्रवास करीत असताना’. मालाचा उल्लेखच नाही. पहाटे साडेतीनला रक्तानं माखलेल्या जखमीकडून घेतलेला जबाब तो, त्यात क्रेट कुठून येणार? पण उलटतपासणीत याच ओळीवर बोट ठेवलं जातं.

उत्तर पंचनाम्यात होतं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्यावर विखुरलेले अंजिराचे क्रेट आणि त्यांवरची रंगीत अक्षरं नोंदलेली होती. टेम्पोमालकाच्या वहीत त्या रात्रीच्या पाच नावांसमोर क्रेटचे आकडे होते. आडत्याकडच्या त्याच हंगामातल्या आधीच्या पट्ट्या होत्या: नाव, नग, वजन, दर, हमाली, तोलाई, आडत, खाली निव्वळ रक्कम. आठवड्यामागून आठवडे त्याच गाळ्यावर त्याच माणसाचा माल येत होता, हे या कागदांनी सिद्ध होतं. माल नेण्याचं ई-वे बिल का नाही, असा प्रश्न आला. ताज्या फळांना ते लागत नाही. सातबारावर अंजिराची नोंद होती. शक्यतेच्या पारड्यात एवढं पुरेसं आहे. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही.

रकमेचा हिशेब असा. शेती घरात शिल्लक राहते, म्हणून सगळं शेतीउत्पन्न बुडालं असं धरता येत नाही. बुडाली ती त्याची मेहनत आणि देखरेख. सर्वोच्च न्यायालयानं जसबीर कौर प्रकरणात (२००३) घेतलेली भूमिका हीच. ती किंमत महिना पंधरा हजार धरली. प्रणय सेठी (२०१७) प्रमाणे चाळीस ते पन्नास वयाच्या स्वयंरोजगारीला भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के, म्हणजे १८,७५०. मागे बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून, म्हणून स्वखर्चाचा चौथा हिस्सा वजा: १४,०६२ रुपये ५० पैसे. वर्षाचे १,६८,७५०. सरला वर्मा (२००९) मधल्या तक्त्याप्रमाणे त्रेचाळीसाव्या वर्षी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा, १४. एकूण २३,६२,५००, आणि त्यावर अंत्यविधी, वारसाहक्क व सहवास यांच्या ठरावीक रकमा. पंधरा हजार हा आकडा मला कमीच वाटतो. अंजिराची छाटणी, बहार धरणं, पहाटेची तोडणी हे मजुरीच्या दरात मोजण्याचं काम नाही. गावातल्या दुसऱ्या बागायतदाराला साक्षीला आणून देखरेखीची किंमत वेगळी सिद्ध करावी.

दुसरा दावा, मागे बसलेल्या मुलाचा. प्रतिनिधी तो होताच. वडिलांनी पाठवलं म्हणूनच गेला, आणि वडिलांची साक्ष त्याला पुरेशी आहे. पण चोलेटी भारतम्मा प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालाचा मालक म्हणून संरक्षण मिळतं ते केबिनमधून जाणाऱ्याला. हा निवाडा खालच्या न्यायालयावर बंधनकारक आहे, आणि तो नाही असं समजून युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे: कलमात केबिन हा शब्द नाही. पाच घरांचा माल एका टेम्पोत जातो आणि केबिनमध्ये जागा एकाला. उरलेल्या घरांनी आपला प्रतिनिधी कुठे बसवायचा? मागे बसणं नियमबाह्य आहे हे खरं. पण त्याची शिक्षा वाहनमालकाला व्हावी, मांडी मोडलेल्या मुलाला नव्हे. हा मुद्दा न्यायाधिकरणात नोंदवून ठेवायचा आणि उच्च न्यायालयात न्यायचा.

तिसरा दावा, हडपसरला निघालेल्या कामगाराचा. त्याच्याकडे माल नव्हता. आशा राणी प्रकरणानं १९९४ पूर्वीच्या अपघातांत मालमालकालाही संरक्षण नसल्याचं ठरवलं, आणि २००४ मध्ये बलजित कौर प्रकरणानं सांगितलं की १९९४ ची दुरुस्ती मालमालक आणि त्याच्या प्रतिनिधीपुरतीच आहे, फुकट बसलेल्याला ती लागू नाही. त्या अर्थानं कंपनीचा आक्षेप बरोबर आहे. पण त्याच बलजित कौर निवाड्यात न्यायालयानं कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि ते वाहनमालकाकडून वसूल करायची मुभा दिली, तीही वेगळा दावा न लावता, त्याच निवाड्याच्या अंमलबजावणीतून. २०१७ मध्ये मनुआरा खातून प्रकरणात फुकट प्रवाशांसाठी पुन्हा तसाच आदेश झाला. प्रत्येक खंडपीठ असा आदेश देतंच असं नाही, म्हणून तो अर्जात पर्यायी मागणी म्हणून शब्दशः मागावा लागतो. दुसऱ्या दाव्यातही हीच पर्यायी मागणी घालावी.

टेम्पोमालकाची जबाबदारी तिन्ही दाव्यांत पूर्ण आहे. त्याच्याजवळ मात्र हप्त्यावर घेतलेला, आता चेपलेला टेम्पो आणि दीड एकर जमीन आहे. ‘आधी द्या, मग वसूल करा’ असा आदेश झाला तर वसुली त्याच्या जमिनीवर येईल. तो गावातलाच माणूस आहे, आणि ड्रायव्हरनं कुणाला बसवलं हे त्याला झोपेत कळलंही नव्हतं. मालवाहू वाहनाच्या सक्तीच्या विम्यातच मागच्या माणसांसाठी थोडा जास्त हप्ता घेऊन संरक्षण दिलं असतं, तर एका अपघातात चार घरं उभी बुडण्याची वेळ आली नसती. इंग्लंडनं १९७१ मध्ये जे केलं ते संसदेला आजही करता येण्याजोगं आहे.

दावा हाती आल्यावर पहिले काही दिवस दवडू नयेत, कागद तेव्हाच मिळवावेत. टेम्पोमालकाच्या वहीचं ते पान प्रतिज्ञापत्रासह लगेच दाखल करावं. आडत्याला साक्षीचं समन्स काढून मूळ हिशेब मागवावा. बाजारातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण फार दिवस ठेवलं जात नाही, पण या टेम्पोच्या आधीच्या फेऱ्यांच्या आवक नोंदी बाजार समितीकडून मागता येतात. आणि पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवायच्या सविस्तर अपघात अहवालात मालाचा, क्रेटचा आणि कोण कुठे बसलं होतं याचा उल्लेख आहे का, हे तो पाठवण्याआधीच तपास अधिकाऱ्याला भेटून पाहावं. नसेल तर पुरवणी जबाबासाठी तेव्हाच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.